वीस गुंठ्यांचा मळा आणि सातबाऱ्यावरचे नाव

आपल्या समाजात मोठे बागायतदार थोडेच. कुणाकडे १९५८ च्या कायद्याने वतन गेल्यावर राखलेली जमीन, तर कुणाकडे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहानंतर पदरात पडलेला गायरानाचा तुकडा. भावाभावांत वाटण्या होऊन हाती उरते ती वीस-तीस गुंठे. एवढ्यात ज्वारी-बाजरी पेरून वर्षाची भाकरीही निघत नाही. पण विहिरीला पाणी असेल, तर याच तुकड्यावर भाजीपाला घेऊन कुटुंब उभे राहू शकते. १९१८ साली लहान शेतीवर लिहिलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेबांनी हेच सांगितले, की शेत किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर श्रम व भांडवल कोणत्या प्रमाणात लागते, यावरून ठरते. मग भाजीच्या मळ्यात श्रम कुणाचे लागतात, तेही पाहिले पाहिजे.

मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार टोकायची. दोडक्या-कारल्याला मांडव करायचा. वांगी-मिरचीची रोपे गादीवाफ्यावर टाकायची आणि पाच-सहा आठवड्यांनी सरीवर लावायची. पावसात तण पिकाच्या पुढे धावते, म्हणून खुरपे हातातून सुटत नाही. दीड महिन्यात भेंडी तोड्याला येते. मग दिवसाआड तोडा करावाच लागतो, नाहीतर भेंडी जून होते आणि बाजारात तिला कुणी हात लावीत नाही. भेंडीच्या लवेने बोटे खाजतात, म्हणून बाया हाताला फडके गुंडाळून तोडतात.

थंडीच्या दिवसांत मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर. मेथी महिनाभरात काढणीला येते, म्हणून घरखर्चाला तिचाच आधार. धने रगडून, दोन फाकी करून पेरले की उगवण चांगली होते. सगळे वाफे एकदम न पेरता आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावेत. म्हणजे भाव पडला तरी सगळा माल एकाच वेळी त्यात सापडत नाही. वीज रात्रीची असेल, तर कडाक्याच्या थंडीत दारे धरायला जावे लागते. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. भाजीला भाव असतो तेव्हा पाणी नसते. पाण्याच्या अंदाजाने चारच वाफे करणे शहाणपणाचे.

किडीसाठी पहिला इलाज घरचा करावा. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर पाण्यात फवारावी. विषारी औषध मारावेच लागले, तर डब्यावर सांगितलेले दिवस जाईपर्यंत तोडा करू नये. ती भाजी आपल्याच लेकरांच्या ताटातही जाते.

तोडणी, निवड, जुड्या बांधणे, ही कामे बहुतेक घरांत बायकांचीच. आई, सून, शाळेतून आलेली मुलगी रात्री कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात जुड्या बांधतात. पहाटे माल बाजाराला जातो आणि पट्टी येते ती घरधन्याच्या नावाने. ही पट्टी घरातल्या बाईनेही वाचावी. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. तरीही पट्टीत आडत कापलेली दिसली, तर विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

याहून मोठा प्रश्न सातबाऱ्याचा. पीककर्ज असो की ठिबकचे अनुदान, आधी सातबारा मागतात. ज्या बाईने जन्मभर त्या मातीत खुरपे चालवले, तिचे नाव मात्र त्या कागदावर नसते. नवरा गेला, की भाऊबंदांपुढे तिला आपल्याच मळ्यासाठी हात पसरावे लागतात.

भगिनींनो, कायदा आपल्या बाजूने आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. म्हणून माहेरच्या हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचून घ्यावे. नवऱ्याच्या जमिनीवर त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. त्यासाठी पतीने अर्ज करावा लागतो. जमीन वतनाची किंवा सरकारने दिलेली, म्हणजे वर्ग २ ची असेल, तर तहसील कचेरीत आधी चौकशी करावी.

बांधवांनो, या कामाला पैसा नव्हे, मन मोठे लागते. समतेची सुरुवात आपल्या घरातून, आपल्याच सातबाऱ्यापासून व्हावी. पुढचा मृग निघण्याआधी हा अर्ज कचेरीत पडला पाहिजे.