बाळंतिणीचं वजन : किती उतरतं, किती राहतं आणि डॉक्टरांकडे कधी जावं?

बेळगाव : बारसं आटोपलं की बाळंतिणीच्या वजनाची चर्चा सुरू होते. कोण म्हणतं, 'माहेरचं तूप लागलं', कोण म्हणतं, 'बाळ सगळं ओढून घेतंय'. मात्र या वजनाचा हिशेब साधा आहे.

गरोदरपणात साधारण १० ते १२ किलो वजन वाढतं. त्यातलं ५-६ किलो प्रसूतीच्या दिवशीच कमी होतं. त्यात बाळ सुमारे ३ किलोचं, बाकी वार, गर्भजल आणि रक्त. पुढच्या आठवडाभरात लघवी आणि घामावाटे साठलेलं पाणी जातं. प्रसूतीवेळी सुमारे किलोभर असलेली गर्भपिशवी सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येते. उरते ती चरबी. ती दुधासाठी शरीरानेच साठवलेली असते आणि उतरायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. डिंकाचे, मेथीचे, अळीवाचे लाडू त्यासाठीच. पण तूप-गुळाचे तीन-चार लाडू रोजच्या जेवणावर खाल्ले आणि दिवसभर खाटेवरच काढला, तर वजन वाढणारच. एखादा लाडू, सोबत भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध किंवा अंडं हे बरं. वजन उतरवायला उपास मात्र करू नये. साध्या प्रसूतीनंतर हळूहळू चालणं लवकर सुरू करता येतं. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करावा.

काही बदलांकडे मात्र दुर्लक्ष नको. बाळंतपणानंतर वर्षभरात काही बायकांना थायरॉईडचा त्रास होतो. आधी धडधड आणि वजन झपाट्याने उतरणं, मग थकवा, बद्धकोष्ठता आणि वजन वाढणं. 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून घरात तो चालवून घेतला जातो. रक्ताच्या टीएसएच तपासणीत तो कळतो. चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकाच पायाला दुखरी सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सीमाभागात सासर चंदगडला, माहेर खानापूरला, अशी घरं पुष्कळ. लेक बाळंतपणाला येते तेव्हा वजन आणि रक्तदाबाच्या नोंदींचं कार्ड सोबत असू द्यावं. कर्नाटकात त्याला 'ताई कार्ड' म्हणतात. परत सासरी जातानाही ते विसरू नये. आधीचं वजन समोर असलं, तरच पुढच्या डॉक्टरला फरक कळतो.