पायरिडॉक्सिन : झिणझिण्यांचे औषध आणि झिणझिण्यांचे कारणही

पाददाह, पादहर्ष, तळव्यांची सुप्ती अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा एखादी ‘नसांची गोळी’ असतेच. बी-कॉम्प्लेक्स निरुपद्रवी, अधिक झाले तर मूत्रावाटे निघून जाते, हा समज रुग्णांत आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्या व्यवसायबंधूंतही दृढ आहे. बी-६ अर्थात पायरिडॉक्सिनच्या बाबतीत तो खरा नाही.

या जीवनसत्त्वाची उपयुक्तता निर्विवाद आहे. क्षयरोगात आयसोनियाझिडमुळे होणारी मज्जातंतूंची विकृती त्याने टळते. गर्भिणीच्या छर्दीत डॉक्सिलॅमिनसह त्याचा चांगला उपशय मिळतो. प्रौढाची दैनंदिन गरज मात्र अवघी दीड-दोन मिलिग्रॅम. हरभरा, केळी, बटाटा, मासे यांतून ती सहसा भागते. काही गोळ्यांत मात्र हेच द्रव्य १०० मिलिग्रॅमपर्यंत असते.

१९८३ साली अमेरिकेत शॉमबर्ग व सहकाऱ्यांनी दररोज २ ते ६ ग्रॅम पायरिडॉक्सिन घेणाऱ्या सात रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. हातपाय बधिर, चाल डळमळीत. मेरुदंडालगतच्या संवेदनावाही पेशींना इजा होते, म्हणून बल शाबूत असूनही अंधारात तोल जातो. पुढे याहून पुष्कळ कमी मात्रेतही असे रुग्ण आढळले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरविली. अमेरिकेतील मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. एवढी तफावत असताना सावध बाजूस राहणेच इष्ट.

खरा घोटाळा लक्षणसाम्याचा आहे. झिणझिण्या वाढल्या की गोळी वाढते, गोळी वाढली की झिणझिण्या! म्हणून वातव्याधीचे निदान करण्यापूर्वी रुग्णाच्या सर्व स्ट्रिप मागवाव्यात आणि पायरिडॉक्सिनच्या मात्रेची बेरीज करावी. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यात बी-१२ची उणीव असू शकते. तिथे बी-६ वाढवून काहीच साधत नाही. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच गोळी नेणारा गिऱ्हाईक औषधविक्रेत्यालाच प्रथम दिसतो. त्याने त्यास वैद्याकडे परत धाडावे. आयसोनियाझिड चालू असलेल्याची गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

औषध थांबविल्यावर प्रारंभीचे काही आठवडे लक्षणे वाढू शकतात. याची पूर्वकल्पना दिली नाही, तर रुग्ण घाबरून तीच गोळी पुन्हा सुरू करतो. उतार पडण्यास महिने लागतात, क्वचित तो अपुराच राहतो.

कंपवातात कपिकच्छू योजणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. तिच्या बीजातील लेव्होडोपाचे मेंदूबाहेरील रूपांतर पायरिडॉक्सिनमुळे वाढते. कार्बिडोपा सोबत नसेल तर गुण कमी येतो, आणि दोष मात्र चूर्णाच्या माथी जातो.