परतीच्या तारेचा मागोवा

मीरा-भाईंदरच्या वीजपुरवठ्याच्या परवान्यात क्षेत्राचे वर्णन करताना महानगरपालिकेच्या हद्दीबरोबर चेणे आणि वर्सावे ही दोन नावे वेगळी नोंदलेली आहेत. घोडबंदर रस्त्यालगत, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि वसईची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चेण्याला एवढा स्वतंत्र उल्लेख सरकारी कागदांत क्वचितच मिळतो. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९२९ मध्ये स्थापन झालेली, या भागाला वीज पुरवणारी बीएसईएस ही कंपनी २००३ च्या सुमारास रिलायन्सकडे आणि तिचा वितरण व्यवसाय ऑगस्ट २०१८ मध्ये अदानीकडे गेला. बिलाच्या माथ्यावरचे नाव असे बदलत राहिले, तरी मीटरच्या पलीकडची, घरातली व्यवस्था कोणत्याही हस्तांतराने बदलली नाही. ती बदलली घर वाढेल तशी, आणि तिच्यात सर्वांत कमी लक्ष गेले ते परतीच्या तारेकडे, म्हणजे न्यूट्रलकडे.

या दुर्लक्षाचे मूळ, विचित्र वाटले तरी, एका योग्य नियमात आहे. जुन्या लाकडी फलकांवर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर बसवलेले असत. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी उडाला, तर दिवा विझे, घरातले लोक वीज गेली असे समजत, आणि फेज मात्र होल्डरपर्यंत जिवंतच राही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ३२ व्या नियमाने न्यूट्रलवर फ्यूज किंवा सुटा स्विच बसवण्यास मनाई केली, आणि न्यूट्रल तोडायचाच असेल तर तो फेजबरोबर एकाच वेळी तोडला जावा अशी अट घातली. त्यानंतर न्यूट्रल पितळेच्या एका पट्टीवर एकत्र आले, तर फेज मात्र आधी फ्यूजने आणि पुढे एमसीबीने, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास सर्किट तोडणाऱ्या स्विचने, वेगवेगळे राहिले. सगळे न्यूट्रल शेवटी एकाच पट्टीवर जाणार असतील, तर कोणता न्यूट्रल कोणत्या सर्किटचा याला महत्त्व काय, असा वायरमनचा समज त्यातून रुजला, आणि त्या काळापुरता तो फारसा चुकीचाही नव्हता, कारण एमसीबी आपल्यातून जाणारा प्रवाह मोजतो, परत येणारा नव्हे.

परत येणारा प्रवाह मोजणारे उपकरण उशिरा आले. गळती-प्रवाह रक्षक, म्हणजे आरसीसीबी, यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहकड्यातून जातात. गेलेला प्रवाह तेवढाच परतला, तर कड्यातली दोन चुंबकीय क्षेत्रे परस्परांना रद्द करून शून्य होतात, आणि एखाद्या माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून काही भाग जमिनीत गेला, तर उरलेला फरक कड्यावरच्या वेगळ्या गुंडाळीत जाणवून उपकरण दोन्ही तारा एकदम तोडते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांनी माणसाला तार सोडता येईल अशा प्रवाहाची मर्यादा प्रयोगांनी तपासली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी असे उपकरण पुढे आणले. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत आणि ऑस्ट्रियात त्याआधीच या दिशेने काम झाले होते. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअर ही मर्यादा रूढ झाली. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या तुलनेत ती पाचशे पटींहून कमी आहे, यावरून दोघांचे काम किती वेगळे आहे ते ध्यानात येते.

भारतात हे रक्षण प्रथम मोठ्या जोडण्यांना लागू झाले. १९५६ च्या नियमांत नंतर घातलेल्या ६१-अ या नियमाने ५ किलोवॅटखालच्या जोडण्या वगळल्या होत्या. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घरगुती जोडणीसाठी ३० आणि इतरांसाठी १०० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा ठरवून दिली. बाजारात मात्र या उपकरणाला आजही ईएलसीबी म्हणतात, जे खरे तर आधीच्या, अर्थिंगच्या तारेवरील व्होल्टेजवर चालणाऱ्या उपकरणाचे नाव. नाव चुकीचे असले तरी दुकानात तेच चालते.

जुन्या वायरिंगवर नवे उपकरण बसवल्यावर जे घडले, त्याची कारणे याच पार्श्वभूमीत शोधावी लागतात. खोलीवर खोली चढवत वाढलेल्या घरात, चेण्यासारख्या गावातून उपनगर होत गेलेल्या वस्तीत तर विशेषच, नव्या दिव्याला फेज वरच्या मजल्यावरून आणि न्यूट्रल जवळच्या पेटीतून घेण्याची सोय वायरमन करून टाकतो. जिन्याच्या दिव्याचा टू-वे स्विच हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. दोन मजल्यांना दोन आरसीसीबी लावले की वरून गेलेला प्रवाह खालच्या न्यूट्रलमधून परततो, दोन्ही कड्यांचा तोल बिघडतो, आणि कोठेही गळती नसताना दोन्ही पडतात. आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल त्याच्या मागच्या पट्टीला जोडला गेला असेल, तरी परिणाम तोच होतो. इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढून न्यूट्रल घराच्या जुन्या तारेवर सोडण्याच्या पद्धतीने या घोटाळ्यात भर घातली. न्यूट्रल अर्थिंगला कोठे टेकला असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी बंद करूनही मुख्य आरसीसीबी पडत राहतो, कारण घरगुती फलकावरचा एकध्रुवी एमसीबी न्यूट्रल तोडतच नाही. अशा घरात दोष उपकरणाचा समजला जातो, आणि ते काढून तारा थेट जोडल्या जातात. या क्षेत्रातली सर्वांत घातक दुरुस्ती हीच म्हणावी लागेल.

अर्थिंग आहे तर आरसीसीबी कशाला, हा आक्षेपही जुनाच आहे. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टवर जमिनीत जाणारा प्रवाह सुमारे ११.५ अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला जुमानत नाही आणि गिझरचे धातूचे आवरण विजेखाली राहते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतींच्या घरांना या हिशेबाची गरज अधिक आहे.

तपासणीच्या पद्धतीही जुन्या समजुतीवर उभ्या राहिल्या. जोडणी देण्यापूर्वी मेगरने ५०० व्होल्ट देऊन १ मेगओहमची विद्युतरोधकता पाहण्याचा नियम जुना आहे. परंतु ती चाचणी तारांपासून जमिनीकडे होणारी गळती दाखवते, दोन सर्किटांच्या न्यूट्रलची आपसातली गाठ दाखवत नाही. ती शोधायची, तर पुरवठा बंद करून पट्टीवरचा प्रत्येक न्यूट्रल सुटा करावा लागतो, उपकरणे आणि दिवे काढून ठेवावे लागतात, आणि जोडीजोडीने त्यांच्यात सलगता आहे का हे पाहावे लागते. हे अर्ध्या दिवसाचे काम असून त्याची मजुरी आरसीसीबीच्या किमतीत धरलेली नसते.

अलीकडे प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि गळतीरक्षण एकत्र असलेले उपकरण, लावण्याची पद्धत हळूहळू वाढते आहे. त्यातून प्रत्येक न्यूट्रलला स्वतःचे टर्मिनल मिळते. मात्र जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल वरच्या मजल्यावर नेण्यासाठी भिंत एकदा फोडावीच लागते.