मेन्यूतील पर्याय फिकट का दिसतो?

मजकूर लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्ट वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हवा असलेला पर्याय मेन्यूत दिसतो. परंतु तो फिकट करड्या रंगात असतो आणि त्यावर कितीही वेळा क्लिक केले तरी काहीच घडत नाही. कार्यालयांत, शाळा-महाविद्यालयांत आणि घरी संगणक वापरणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. अर्ज, अहवाल किंवा प्रश्नपत्रिका सादर करण्याची मुदत संपत आलेली असताना अशी अडचण उद्भवली, की सॉफ्टवेअर बिघडल्याचे गृहीत धरून ते काढून पुन्हा बसवण्याचा खटाटोप केला जातो. त्यात वेळ खर्च होतो आणि पर्याय बहुधा फिकटच राहतो. कारण दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तर समोर उघडलेल्या फाइलच्या स्थितीत कारण दडलेले असते.

पर्याय नाहीसा न करता फिकट दाखवण्याची पद्धत १९८४ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर होती. विंडोज प्रणालीतही ती रूढ झाली. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, मात्र तिच्यासाठी आवश्यक असलेली अट या क्षणी पूर्ण झालेली नाही, असा त्या फिकट रंगाचा अर्थ होय. ती अट कोणती, हे मेन्यू सांगत नाही. म्हणूनच ती शोधताना साध्या कारणांपासून सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते.

सर्वप्रथम कर्सर कोठे आहे आणि कोणता मजकूर निवडला आहे, हे पाहावे. कोणताही मजकूर निवडलेला नसेल तर ‘कट’ आणि ‘कॉपी’ हे पर्याय फिकट राहतात. कर्सर पानाच्या शीर्षभागात, तळभागात किंवा मजकुराच्या स्वतंत्र चौकटीत असेल तर तळटीप घालता येत नाही. मुख्य मजकुरात क्लिक करताच तोच पर्याय पूर्ववत उपलब्ध होतो.

त्यानंतर खिडकीच्या वरच्या भागाकडे लक्ष द्यावे. ई-मेलद्वारे आलेली किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली फाइल वर्ड २०१० व त्यापुढील आवृत्त्यांमध्ये ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ या सुरक्षित अवस्थेत उघडते. तेथे मजकूर वाचता येतो, परंतु संपादनाचे बहुतेक पर्याय बंद असतात. वरच्या पट्टीतील ‘एनेबल एडिटिंग’ हे बटण दाबल्यावर ते खुले होतात. हे बटण दाबण्यापूर्वी फाइल कोणाकडून आली याची खात्री करून घेणे मात्र आवश्यक आहे. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू ई-मेलला जोडलेल्या वर्डच्या फाइलमधूनच जगभर पसरला होता. अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइलच्या बाबतीत बंद असलेला पर्याय वापरकर्त्याचे संरक्षणच करत असतो.

याच भागात फाइलच्या नावापुढे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे शब्द दिसले, तर फाइल बहुधा १९९७ ते २००३ या काळातील आवृत्त्यांच्या ‘डॉक’ स्वरूपातील आहे, असे समजावे. वर्ड २००७ पासून ‘डॉकएक्स’ हे नवे स्वरूप आले. त्यासोबत आलेल्या काही सोयी जुन्या स्वरूपात साठवता येत नाहीत. त्यामुळे गणिताच्या शिक्षकाने जुनी प्रश्नपत्रिका उघडली, की ‘इन्सर्ट’ विभागातील ‘इक्वेशन’ हा समीकरणाचा पर्याय फिकट दिसतो. यावर उपाय म्हणजे मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवून ‘फाइल’ मेन्यूतील ‘इन्फो’ येथे ‘कन्व्हर्ट’ निवडणे. रूपांतरानंतर पानांची मांडणी थोडी बदलू शकते, म्हणून छपाईपूर्वी सर्व पाने तपासावीत. जुन्या ‘इक्वेशन एडिटर’मध्ये सुरक्षेची त्रुटी आढळल्याने मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो काढून टाकला. त्यामुळे त्याच्या शोधात सॉफ्टवेअर पुन्हा बसवणे व्यर्थ आहे.

काही वेळा हे बंधन फाइल तयार करणाऱ्यानेच घातलेले असते. भरून पाठवण्याच्या अर्जांमध्ये केवळ ठरावीक रकाने खुले ठेवलेले असतात. बाकीचा मजकूर बदलता येत नाही आणि शुद्धलेखन तपासणीसह अनेक पर्याय फिकट दिसतात. सुधारणांची नोंद ठेवण्याची सक्ती असलेल्या फाइलमध्ये त्या सुधारणा स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय मिळत नाही. ‘रिव्ह्यू’ विभागातील ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ येथे हे बंधन पाहता येते आणि ‘स्टॉप प्रोटेक्शन’द्वारे ते काढता येते. तेथे पासवर्ड मागितला गेल्यास फाइल पाठवणाऱ्याशी संपर्क साधणे हाच योग्य मार्ग होय. अर्जाच्या नमुन्यात परस्पर बदल केल्यास अर्ज अमान्य ठरण्याचा धोका संभवतो. फाइल ‘अंतिम’ म्हणून जाहीर केलेली असेल, तर मात्र वरच्या पट्टीतील ‘एडिट एनीवे’ हे बटण पुरेसे असते.

फाइलमध्ये कोणतेही कारण आढळले नाही, तरच सॉफ्टवेअरकडे वळावे. एक नवी कोरी फाइल उघडून तोच पर्याय तेथे पाहावा. तेथे तो चालत असेल, तर कारण मूळ फाइलमध्येच आहे. नव्या फाइलमध्येही बहुतांश पर्याय फिकट असतील किंवा नवी फाइलच तयार करता येत नसेल, तर परवान्याची मुदत संपली आहे काय, हे ‘फाइल’ मेन्यूतील ‘अकाउंट’ येथे तपासावे. परवाना संपल्यावर फाइल वाचता व छापता येते, संपादन मात्र थांबते. परवाना वैध असल्यास कंट्रोल कळ दाबून ठेवून वर्ड सुरू करावे. या ‘सेफ मोड’मध्ये पर्याय उपलब्ध झाला, तर बाहेरून जोडलेली एखादी पूरक आज्ञावली अडथळा आणत असल्याची शक्यता असते. त्यानंतर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमधून सॉफ्टवेअरची दुरुस्ती करून पाहावी. ते पुन्हा बसवणे हा सर्वांत शेवटचा उपाय होय.

लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही कारणे शोधण्याचा हाच क्रम उपयोगी पडतो. तेथे फाइल केवळ वाचण्यासाठी उघडली असेल, तर ‘एडिट’ मेन्यूतील ‘एडिट मोड’ हा पर्याय पाहावा. आधी कर्सर, मग खिडकीचा वरचा भाग, नंतर फाइलवरील बंधने आणि अखेरीस सॉफ्टवेअर, या क्रमाने तपासणी केल्यास ऐन मुदतीच्या वेळी होणारी धावपळ बहुतांशी टाळता येते.