स्टेअरिंग ढिलं, पण दोष कुठला?

नाशिकहून भाजीचे क्रेट भरून निघालेली पिकअप कसारा घाटात शिरते, तेव्हा ड्रायव्हरचे हात स्वस्थ राहू शकत नाहीत. पण गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सतत डावीउजवीकडे सावरावं लागतं. रोज चालवणाऱ्याच्या हाताला याची इतकी सवय होते की ढिलेपणा जाणवेनासा होतो. बदली ड्रायव्हरच्या मात्र तो लगेच लक्षात येतो.

‘प्ले आलाय’ असं सांगितलं की पुष्कळ गॅरेजांत पहिला पाना लागतो तो स्टेअरिंग बॉक्सवरच्या स्क्रूला. लॉकनट सैल केला, स्क्रू थोडा आवळला, झालं काम! घाईचा हा उपाय धोक्याचा आहे. जुन्या पिकअपमध्ये बहुधा छऱ्यांचा बॉक्स असतो. गाडी जास्त वेळ सरळच धावते, त्यामुळे बॉक्समधले दाते मधोमध अधिक झिजतात आणि कडेला कमी. मधला खेळ जाईस्तोवर स्क्रू पिळला, की वळणावर बॉक्स जड होतो, अडकतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येत नाही. घाटात हे जिवावर बेतू शकतं.

म्हणून तपासणी स्क्रूपासून नव्हे, जोडांपासून सुरू करावी. त्याला दोन माणसं हवीत. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर टेकलेली, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगड लावलेले. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने वरून खाली एकेक जोड पाहत जायचं: कॉलमचा क्रॉस, बॉक्स, त्याचा पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, शेवटी टायरॉड एंड. जोडाच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिराने हलतो, तिथे झीज आहे. डोळ्यांना दिसलं नाही तरी जोडावर बोट ठेवलं की खटका लागतो.

कधी बॉक्सच चेसिसवर सरकताना दिसतो. बोल्ट सैल झालेले असतात किंवा त्याच्या आसपास चेसिसला तडा गेलेला असतो. अशी गाडी जागेवरच उभी करावी.

मग पुढचं चाक जॅकवर उचलून खाली घोडा लावायचा आणि चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिली. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट संपलेला. एवढ्या साध्या परीक्षेने चुकीचा पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 स्टेअरिंगचा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त नको, असं सांगतो. 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे कडेला साधारण 10 सेंटिमीटर भरतं. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. सुस्थितीतल्या गाडीत खेळ याच्या बराच आत हवा. जोडांवर रबरी टोप्या असाव्यात, असंही हाच नियम म्हणतो आणि ते अगदी रास्त आहे. टोपी फाटली की आत धूळ-पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि जोड खायला लागतो.

बॉक्सच्या स्क्रूला हात लावायचा तो हे सगळं निर्दोष ठरल्यावरच, तोही गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. टायरॉड एंड बदलला असेल तर स्प्लिट पिन नवीच घालावी आणि अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी भाड्यावर काढू नये.