टूथब्रशला फुटले पाय

प्रत्येक घरात एक खण असतोच. बंद पडलेला बटणांचा मोबाईल, चाकं निखळलेली रिमोटची गाडी, कसल्या कसल्या वायरी, जुने चार्जर. ‘असू दे, लागंल कधीतरी’ म्हणून आपण ते सगळं त्यात सारतो आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देतो. मैत्रिणींनो, या दिवाळीला जरा थांबा. त्या खणात एक रोबो लपलेला आहे. अगदी इवलासा, अंगठ्याएवढा. आणि तो मुलीच्या हातून घडला तर काय काय बदलतं, तेच आज सांगायचं आहे.

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाच जणांचा गट पडला. तीन मुलगे, दोन मुली. मॉडेल मुलगे करणार आणि मुली चार्ट रंगवून फाईल लिहिणार, असं ठरलं. कारण काय, तर मुलींचं अक्षर चांगलं असतं! भाचीनं मला फोनवर विचारलं, “मावशी, माझं अक्षर वाईट असतं तर मला मॉडेल करायला मिळालं असतं का गं?” लग्नाआधी मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. तिला म्हटलं, “रविवारी ये. येताना जुना टूथब्रश घेऊन ये.”

करायचं काय, ते सांगते. जुन्या मोबाईलमध्ये एक शेंगदाण्याएवढी मोटर असते. फोन आला की मोबाईल थरथरतो, तो हिच्यामुळेच. तिच्या दांड्यावर अर्ध्या चंद्रकोरीसारखं वजन असतं, ते एका बाजूला. मोटर फिरली की वजनाचा तोल सतत ढळतो आणि सगळं अंग थरथरतं. वॉशिंग मशीनमध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन कसं नाचत पुढं सरकतं? तसंच हे. घरात जुना मोबाईल नसेल तर दुरुस्तीच्या दुकानात अशी मोटर मिळते.

टूथब्रशचं डोकं तेवढं करवतीच्या पात्यानं कापून घ्यायचं. त्यावर दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या टेपनं मोटर बसवायची आणि तिच्याशेजारी ३ व्होल्टचा चपटा, नाण्यासारखा सेल. मोटरची एक वायर सेलच्या खाली, दुसरी वर. झालं! ब्रश टेबलावर ठेवला की सुटतो. ब्रशचे केस एकाच दिशेला कललेले असले की प्रत्येक थरथरीला तो एकाच दिशेनं सरकतो. केस सरळ असतील तर रात्रभर वजनाखाली दाबून कलते करा. अमेरिकेतल्या विंडेल ऑस्के आणि लेनोर एडमन या दांपत्यानं २००७ साली हा ब्रशचा रोबो जगभर लोकप्रिय केला.

आमचा पहिला रोबो पुढं जायच्या ऐवजी जागेवरच फुगडी घालायला लागला. भाचीनं सेल जरासा डावीकडं सरकवला. मग आणखी जरासा. चौथ्या खेपेला गडी सरळ निघाला. तोल म्हणजे काय, हे मला तिला समजावून सांगावं लागलंच नाही.

आता रिमोटचं बघू. त्यासाठी तळहातावर मावणारी, बिघडलेली रिमोटची गाडी लागते. तिच्यातली हिरवी पट्टी आणि बारकी बॅटरी बाहेर काढायची. त्या पट्टीवरून गाडी पळवणाऱ्या मोटरला दोन वायरी जातात आणि गाडी वळवणाऱ्या भागाला दोन. तिथं मोबाईलच्या दोन मोटरी जोडायच्या आणि ब्रशच्या डोक्याच्या डाव्या-उजव्या अंगाला बसवायच्या. एक बटण दाबलं की रोबो एका बाजूला वळतो, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला आणि दोन्ही दाबली की पुढं जातो.

हे नुसतं पोरखेळाचं काम आहे असं समजू नका. अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल यांच्या अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या गटानं ‘किलोबॉट’ नावाचे रोबो बनवले. प्रत्येकाचा व्यास ३३ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या बटणाएवढा. चाकं नाहीत, तीन ताठ पाय आणि थरथरणाऱ्या दोन मोटरी. म्हणजे आपलंच तंत्र! डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांनी त्या सगळ्यांना एकदम हुकूम देता येतो. असे १०२४ रोबो आपसात बोलत, चांदणीसारखे आकार घेत उभे राहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते संशोधन छापून आलं. मुलींनी डॉक्टरच व्हावं म्हणून त्यांना जीवशास्त्राकडं ढकललं जाई, त्या काळात नागपालबाईंनी इंजिनिअर व्हायचं ठरवलं होतं.

वायर जोडायला डाख द्यावा लागतो, म्हणजे सोल्डरिंग करावं लागतं. इथं माझी बहीण आडवी आली. “पोरीच्या हाताला चटका बसला म्हणजे?” मी म्हटलं, “अगं, गेल्या महिन्यात तिनं पुऱ्या तळल्या, तेव्हा तू तिचं कौतुक केलंस. तळणाचं तेल १८० अंशांच्या आसपास तापतं आणि नेहमीचा डाख वितळतो १८३ अंशांना!” आयर्नचं टोक मात्र ३०० अंशांच्या वर असतं, म्हणून काळजी हवीच. केस बांधायचे, खिडकी उघडी ठेवायची, डाखात शिसं असतं म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि शेजारी मोठं माणूस हवं. काळजी घ्या, पण हात मागं ओढू नका. आपल्या हुपरीत घराघरांत बायका चांदीच्या पैंजणांची बारीक जोडकामं करतात. नजर आणि बोटं आपल्याकडं आहेतच की!

एका गोष्टीत मात्र जराही हयगय नको. तो नाण्यासारखा सेल लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. असं झालं तर उलटी करवू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. खेळ संपला की सेल काढून, टेप गुंडाळून कुलपात ठेवा.

आणखी शिकायचं असेल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं आणि चित्रफिती पाहा. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रफिती मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सरकारनं २०१६ पासून कितीतरी शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ दिल्या, त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंतचं अनुदान दिलं. तुमच्या शाळेत ती असेल तर एकदा जाऊन बघा. कुलूप उघडतं का, आणि उघडलं तर टेबलाजवळ मुली दिसतात का?

प्रदर्शनाच्या दिवशी भाचीनं चार्टही रंगवला आणि आपला रोबोही नेला. परीक्षकांनी “हा वळतो कसा?” म्हणून विचारलं ते मुलांना. ती पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. मग चार्टपाशी उभी असलेली भाची पुढं आली आणि मोटरीवर बोट ठेवून सगळं सांगितलं. बक्षीस दुसऱ्याच गटाला गेलं. पण पुढच्या प्रकल्पाला तिच्या गटातल्याच एका मुलानं तिला विचारलं, “जोडणी तू करशील का? मी फाईल लिहितो.”

तेव्हा पालकसभेला जाल तेव्हा गुणांच्या आधी एक विचारून घ्या. प्रकल्पात आमच्या मुलीच्या हातात काय दिलं होतं? उत्तर ‘स्केचपेन’ असं आलं, तर घरचा तो खण उघडा. एक रविवार पुरेसा आहे.