फाशांतली नाल

आर्वी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली, की पलीकडे अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर लागते. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण त्याला हात जोडतो. पंढरपूरला तिची पालखीही तिथूनच निघते. पण विदर्भाच्या राजांची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा सांगते, आणि मग दमयंतीचे माहेरही तेच ठरते. रघुनाथ पंडितांमुळे मराठी वाचकाला या कथेतला हंस ठाऊक आहे. मला मात्र महाभारताच्या वनपर्वातले बेहड्याचे झाड अधिक मोलाचे वाटते.

फाशांपायी राज्य घालवलेला नळ, बाहुक हे नाव घेऊन, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथातून विदर्भाकडे निघतात. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याकडे नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो : या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे. नळ हट्टाने रथ थांबवून मोजतो, तर आकडा बरोबर! तेव्हा ऋतुपर्ण म्हणतो, मी मोजण्यात निपुण आहे आणि फाशांचे मर्मही जाणतो. हे मर्म म्हणजे 'अक्षहृदय', आणि ते तो नळाला शिकवतो. वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत. मोजणे आणि फासे जिंकणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे त्या कथाकाराने केव्हाच ओळखले होते.

हे आज आठवायचे कारण असे, की अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना लास व्हेगास हटकून दाखवतात. तिथे ज्या लांबट, खोलगट टेबलाभोवती सर्वांत जास्त गलका असतो, तो खेळ क्रॅप्स. शिवाय फाशांचे खेळ फोनवर घरोघरी येऊन पोचले होतेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. महाराष्ट्राची कॅसिनोकथा तर गमतीची आहे. १९७६ साली आपण कॅसिनोचा कायदा केला, तो अमलात कधी आणलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. मधल्या काळात शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी राहिली.

क्रॅप्सचा मूळ नियम पाच मिनिटांत समजतो. दोन फासे, बेरीज पाहायची. खेळणाऱ्याने पैसे 'पास लाइन' या पट्टीवर ठेवायचे. पहिल्या फेकीला सात किंवा अकरा पडले तर जिंकला. दोन, तीन किंवा बारा पडले तर हरला. उरलेल्यांपैकी काही, म्हणजे चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा पडले, तर तो आकडा झाला 'पॉइंट'. आता फेकत राहायचे. सातच्या आधी पॉइंट पुन्हा पडला तर जीत, आधी सात आले तर हार. पहिल्या फेकीला तारणारा सात दुसरीपासून बुडवतो.

सारे सातभोवती का फिरते? दोन फासे ३६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी सहा प्रकारांत बेरीज सात येते. सहाचे आणि आठचे प्रकार पाच-पाच, पाचचे आणि नऊचे चार-चार, चारचे आणि दहाचे तीन-तीन, तीनचे आणि अकराचे दोन-दोन. दोन आणि बारा एकेकदाच. कागद घेऊन मुलांना हे मांडायला सांगा, सुटीतली दुपार बरी जाईल.

सगळा हिशेब केला तर पास लाइनवर ४९५ डावांत सरासरी २४४ वेळा जीत आणि २५१ वेळा हार येते. फरक अवघा सातचा, म्हणजे शेकडा १.४१. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक दर डावातून उघडपणे 'नाल' काढतो. इथली नाल दिसत नाही, एवढेच. फासे खोटे असण्याची गरजच नाही.

शेकडा १.४१ ऐकून कोणी म्हणेल, किती स्वस्त! बँकेत हयात घालवलेला माणूस लगेच विचारतो : हा दर कशाचा? आम्ही व्याज सांगतो ते सालाचे. सावकार शेकडा तीन म्हणतो ते महिन्याचे, आणि तेवढ्यानेही कापसाचा शेतकरी मोडतो. क्रॅप्सचा दर आहे डावाचा. तासाला तीस डाव निकाली निघाले आणि दर वेळी शंभर रुपये लावले, तर सरासरी बेचाळीस रुपये गेले. तासाला!

आणि ही झाली टेबलावरच्या स्वस्तातल्या पैजांपैकी एक. मधल्या भागात चटकदार पैजा मांडलेल्या असतात. 'पुढच्या फेकीला सात' म्हणा, चौपट मिळतील. छत्तीस वेळा शंभर-शंभर लावले, तर सहा वेळा चारशेप्रमाणे २४०० आले, तीस वेळा ३००० गेले. तोटा ६००, म्हणजे शेकडा पावणेसतरा, आणि तोही एकेका फेकीचा. तीन-तीन पडून सहा होण्यावर नऊपट देतात. वास्तविक हरण्याचे प्रकार दहा आणि जिंकण्याचा एक. देणे हवे दहापट. तो कापलेला एक पट म्हणजे नाल. इतका जाडा दर छापील कापडावर रंगीत चौकटींत, फाशांच्या चित्रांसकट मांडलेला असतो, आणि गर्दी तिथेच ओणवलेली असते.

नाल मुळीच नसलेली एक पैजही या टेबलावर आहे. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जादा पैसे ठेवता येतात. तिला 'ऑड्स' म्हणतात. पॉइंट चार किंवा दहा असेल तर दुप्पट, पाच किंवा नऊ असेल तर दीडपट, सहा किंवा आठ असेल तर पाचास सहा, असे तंतोतंत न्याय्य देणे मिळते. मात्र आधी नाल असलेली पैज लावल्याशिवाय ही लावता येत नाही, किती लावायची यालाही कॅसिनो मर्यादा घालतो, आणि कापडावर हिची चौकट सहसा छापलेली नसते.